अडचणीच्या वेळची तार

(संस्थेच्या वार्षिक विज्ञान प्रदर्शनाच्या समारोपाच्या वेळी पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण. वक्ते शाळेत सहायक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)





आजच्या प्रदर्शनात धूर सोडणारा ज्वालामुखी होता, पाण्याचे चक्र होते, लुकलुकणारी सूर्यमाला होती. ह्या सर्वांपुढे गर्दी झाली आणि ती होणे स्वाभाविक होते. कोपऱ्यातील एका टेबलावर मात्र तारेचे एक भेंडोळे, पाइपचा तुकडा आणि दोन दोऱ्या एवढेच ठेवले होते. तेथे फारसे कोणी थांबले नाही. एका वडीलधाऱ्या चाचांनी जाता जाता विचारले, "मास्तर, ही काय कपडे वाळत घालायची दोरी?" मी म्हटले, "चाचा, गरज पडली तर कपडेही वाळतील. पण हिचे खरे काम निराळे आहे." त्या कामाविषयीच मी आज बोलणार आहे. अध्यक्षसाहेबांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. ती पाळण्याचा मी प्रयत्न करीन.

ते भेंडोळे म्हणजे हौशी रेडिओची, ज्याला जगभर हॅम रेडिओ म्हणतात त्याची, घरी बनविलेली आणि पिशवीत घालून कोठेही नेता येणारी अँटेना आहे.

प्रथम तिची गरज काय ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे कोकणात आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तो दिवस कोणी विसरलेले नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली ह्या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले-पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले आणि मोबाइल फोन मुके झाले. कुवेत, दुबई, दोहा येथे असलेली आपली माणसे फोन लावत राहिली. पैसा होता, महागडे फोन होते. नव्हती ती फक्त "आम्ही सुखरूप आहोत" एवढ्या तीन शब्दांची खबर. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूणला महापूर आला आणि तेथेही अनेकांनी हाच अनुभव घेतला.

असे का होते? आपण समजतो की आपल्या हातातील फोन थेट दुसऱ्याच्या फोनशी बोलतो. वास्तविक तसे नाही. आपला फोन फक्त जवळच्या मनोऱ्याशी बोलतो. त्या मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की तो काही तास बॅटरीवर किंवा डिझेलवर तग धरतो. मनोऱ्यापासून पुढे बहुतेक वेळा जमिनीतून किंवा खांबांवरून केबल गेलेली असते. ती तुटली की मनोरा उभा असूनही निरुपयोगी. थोडक्यात, आपला फोन हा लांबलचक साखळीचा शेवटचा दुवा आहे. मधला एक दुवा तुटला की सारी साखळी गळून पडते.

हॅम रेडिओमध्ये मधली साखळी नाही. एका टोकाला एक संच, एक बारा व्होल्टची बॅटरी आणि एक अँटेना. दुसऱ्या टोकालाही तेवढेच. मध्ये फक्त अल्लाने निर्माण केलेले आकाश. म्हणूनच मोठ्या संकटात ही साधी वस्तू उपयोगी पडते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचविण्याचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये हॅम मंडळींची एक तुकडी भारती प्रसाद ह्या बाईंच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेली होती. गेली होती ती छंदासाठी, अंदमानातून जगभरच्या हौशी मंडळींशी बोलण्यासाठी. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. त्यांनी छंद बाजूला ठेवला आणि त्याच संचावरून बेटांवरील लोकांचे निरोप मुख्य भूमीला पोचविण्यास सुरुवात केली. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा. संच चालविणे हे पुरुषांचेच काम, असे कोणी म्हणाले तर हे उदाहरण सांगा.

आता त्या अँटेनाकडे वळू. काही पालकांना वाटेल की हे काम इंजिनिअरचे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा मला समजले ते आठवीच्या मुलाला समजण्यास हरकत नाही.

तारेतून वीज एका सेकंदात लक्षावधी वेळा उलटसुलट धावविली की तारेपासून लहरी सुटतात आणि प्रकाशाच्या वेगाने पसरतात. मॅक्सवेलने हे एकोणिसाव्या शतकात गणिताने सांगितले आणि हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीत प्रयोगाने दाखविले. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात बिनतारी लहरींचे प्रयोग लोकांसमोर केले. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडून, इंग्लंडमधील पोल्धूहून, आलेला संदेश कॅनडाच्या बाजूला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर ऐकल्याचे जाहीर केले. मुलांनो, तेव्हा त्याची अँटेना कशी उभी होती, ठाऊक आहे? वाऱ्याने मनोरे टिकेनात, म्हणून त्याने तार पतंगाला बांधून आकाशात चढविली. जगातील एवढ्या मोठ्या प्रयोगाची अँटेना म्हणजे पतंगाची शेपटी! तेव्हा आपल्या बांबूला आणि दोरीला कोणी हसू नये.

अँटेना किती लांब असावी? लहरीचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. हॅम मंडळींना दिलेल्या पट्ट्यांपैकी एक ७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. लहरीची लांबी साधारण चाळीस मीटर, म्हणून तिला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात. अँटेना लहरीच्या निम्म्या लांबीची असली की ती उत्तम काम करते. झोपाळ्याला त्याच्या ठरावीक लयीत धक्का दिला की तो थोड्या जोरात उंच जातो, तसेच हे आहे. हिशोबाने निम्मी लांबी १५० भागिले मेगाहर्ट्झ इतकी होते. परंतु खऱ्या तारेत, तिच्या टोकांच्या परिणामामुळे, ती सुमारे पाच टक्के कमी भरते. म्हणून १४३ भागिले मेगाहर्ट्झ हे सूत्र वापरतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ भागिले ७.१ म्हणजे सुमारे २०.१४ मीटर. मध्यभागी कापून प्रत्येक बाजूस सुमारे दहा मीटर. झाली आपली अँटेना!

हाच पट्टा का निवडला, हेही सांगतो. हातात धरायचे वॉकी-टॉकीसारखे संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांची अँटेना अर्ध्या मीटरची, अगदी सुटसुटीत. पण त्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. डोंगर आडवा आला की थांबतात. आणि कोकणात डोंगर आडवा नाही असे गाव कोणते? ७ मेगाहर्ट्झच्या लहरींचे तसे नाही. जमिनीपासून पाच-सात मीटर उंचीवर बांधलेली अँटेना ह्या लहरी मुख्यतः वर आकाशाकडे फेकते. सुमारे अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर वातावरणात विद्युतभारित कणांचा थर आहे. तेथून त्या कारंज्याच्या पाण्यासारख्या चहूबाजूंना खाली येतात. सह्याद्री मध्ये असला काय आणि नसला काय, लहर त्याच्या डोक्यावरून जाते. दिवसा कोकणातील खेड्यातून मुंबई, पुणे, कोल्हापूर ह्या टापूशी बोलण्यास हा पट्टा सोयीचा. रात्री हीच लहर हजारो किलोमीटर जाऊ शकते, मात्र तेव्हा जवळची गावे कधी कधी ऐकू येत नाहीत.

आता साहित्य. घराच्या वायरिंगला वापरतात ती बारीक तारांची पिळलेली, वर प्लॅस्टिक असलेली वायर एकवीस मीटर. पन्नास ओहमची कोॲक्सिअल केबल, बाजारात जिला आरजी-५८ म्हणतात, ती दहा-पंधरा मीटर. पीव्हीसी पाइपचा एक वीतभर तुकडा मध्यासाठी आणि दोन बोटभर तुकडे टोकांसाठी. नायलॉनची दोरी, सहा-सात मीटरचा एक बांबू आणि संचाला बसणारा एक प्लग. टीव्हीच्या डिशची केबल चालेल का, असे मुले विचारतात. ती पंचाहत्तर ओहमची असते. नाइलाजाने वापरता येते. परंतु तिची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिला सोल्डरचा डाग नीट बसत नाही.

कृती अशी. तारेचे १०.३० मीटरचे दोन तुकडे करावेत. हिशोबापेक्षा ते थोडे जास्त आहेत, हे मुद्दाम. मधल्या पाइपच्या दोन्ही टोकांना भोके पाडून त्यांतून तार ओवून गाठ मारावी. ताण गाठीवर यावा, डागावर येऊ नये. केबलची आतील तार एका बाजूला व बाहेरची जाळी दुसऱ्या बाजूला सोल्डर करावी. त्यावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून पाणी आत जाणार नाही असे करावे. केबलमध्ये एकदा पाणी शिरले की ती बाहेरून नवी दिसते आणि आतून निकामी होते. डागाच्या खालीच केबलचे दहा-बारा वेढे ताटलीएवढ्या गोलात बांधून ठेवावेत, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगावरून परत येणारी लहर अडते. दोन्ही टोकांना पाइपचे छोटे तुकडे व त्यांना दोऱ्या बांधाव्यात.

उभारताना मध्यभाग बांबूच्या शेंड्याला, किंवा आंब्याच्या फांदीवरून टाकलेल्या दोरीला बांधावा. दोन्ही बाजू छपरासारख्या उतरत्या ठेवाव्यात. मधला कोन काटकोनापेक्षा लहान होऊ देऊ नये. टोके जमिनीपासून अडीच मीटर तरी वर, माणसांच्या हाताला न लागतील अशी असावीत. कारण संच बोलत असताना टोकांवर मोठा दाब असतो आणि हात लावला तर भाजते. विजेच्या तारांच्या आसपास अँटेना कदापि उभारू नये. पडली तरी तारेला लागणार नाही इतके अंतर हवे. ढग गडगडू लागले की संचातून प्लग काढावा आणि अँटेना खाली उतरवावी. ह्या तीन गोष्टींत हयगय नको. बाकी चुका सुधारता येतात, ह्या येत नाहीत.

शेवटचे काम मापाला आणण्याचे. संच आणि केबल यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर नावाचे उपकरण लावतात. अँटेनाकडे पाठविलेल्या शक्तीपैकी किती परत येते, हे त्यावरून कळते. आकडा एक आला तर काहीच परत येत नाही. दीडपर्यंत उत्तम, दोनपर्यंत चालते. आता एक उदाहरण. समजा, १०.३० मीटरच्या बाजूंवर हा आकडा ६.९५ मेगाहर्ट्झला सर्वांत कमी आला. आपल्याला हवे आहे ७.१. म्हणजे अँटेना लांब आहे. १०.३० ला ६.९५ ने गुणा, ७.१ ने भागा. उत्तर सुमारे १०.०८ मीटर. प्रत्येक बाजू बावीस सेंटिमीटर कमी करायची. परंतु कात्री लावू नका. तार दुमडून तिलाच गुंडाळा, पुन्हा मोजा आणि मग ठरवा. कापलेली तार परत वाढत नाही.

मित्रांनो, वर्गात व्यस्त प्रमाण शिकविताना मजूर आणि दिवस यांची गणिते मी दरवर्षी देतो. तोंडे आंबट होतात. पण हेच व्यस्त प्रमाण तारेच्या टोकाशी उभे राहून करताना आमच्या नववीतील मुलांना कोणी "हे परीक्षेला येणार का?" असे विचारावे लागले नाही. त्यांनी बांधलेली अँटेना एका परवानाधारक गृहस्थांच्या संचाला त्यांच्याच देखरेखीखाली जोडून पाहिली. दूरच्या शहरातील माणसाचा आवाज खरखरीतून स्पष्ट होत आला, तेव्हा त्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

आता मी एका नाजूक गोष्टीकडे येतो. ती टाळून मला पुढे जाता येत नाही. हा विषय मी काही पालकांशी बोललो, तेव्हा मुलाच्या अभ्यासाची किंवा खर्चाची काळजी त्यांनी नंतर बोलून दाखविली. आधी एक पालक हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, विज्ञान चांगले आहे. पण आमच्या पोराच्या घरावर वायरलेसची तार दिसली तर लोक काय म्हणतील? उद्या कोणी चौकशीला आले तर?" ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या वस्त्यांत ती आहे, आणि ती का आहे हे आपण सर्व जाणतो.

परंतु तिचे उत्तर मुलाला तारेपासून दूर ठेवणे हे नव्हे. त्याचे उत्तर आहे परवाना. परवान्याशिवाय संच बाळगणे किंवा त्यावरून बोलणे हा गुन्हा आहे. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो, सर्वांना तो सारखाच गुन्हा आहे. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत हे तत्त्व कायम आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून संच मागवून कोणी मुलाने त्याचे बटण दाबले, तर मी त्याची बाजू घेणार नाही. उलट, परवाना घेतला की भारत सरकार स्वतः तुम्हांला एक संकेतनाम देते. भारतातील हौशी रेडिओची संकेतनामे सामान्यतः व्हीयू ह्या अक्षरांनी सुरू होतात. बोलताना ते संकेतनाम उच्चारावेच लागते. गुप्त भाषेत बोलण्यास मनाई, धंद्याच्या गोष्टींना मनाई, राजकीय प्रचाराला मनाई. जे बोलायचे ते उघड, साऱ्या जगाने ऐकावे असे. ह्याहून अधिक स्वच्छ व्यवहार दुसरा कोणता? लपविण्यासारखे काही नाही, हे सिद्ध करण्याची वेळच येत नाही. कारण सारा छंदच उघड्यावर चालतो.

ही परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागामार्फत होते. बारा वर्षांवरील भारतीय नागरिकास ती देता येते. रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम, असे तिचे दोन विषय. खालच्या श्रेणीला मोर्सची सक्ती नाही. वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम व शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. शिक्षणसंस्थेला क्लबचे केंद्र म्हणूनही परवाना मिळू शकतो. संच मात्र स्वस्त नाही, हे मी लपवीत नाही. प्रत्येक घरी तो घेणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. संपूर्ण शाळेला एक पुरेल.

आणि ज्यांना हा परक्यांचा छंद वाटतो, त्यांना दोन नावे सांगतो. जॉर्डनचे राजे हुसेन हे जगभर जेवाय-१ ह्या संकेतनामाने प्रसिद्ध हॅम होते. आपल्या देशाचे पंतप्रधान राजीव गांधी यांचे संकेतनाम व्हीयू-२-आरजी असे होते. एक राजा, एक पंतप्रधान; पण हवेत गेल्यावर दोघेही एका साध्या शिक्षकाशी किंवा कोळ्याच्या मुलाशी बरोबरीने बोलू शकत. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून शुभांशु शुक्ला यांनी भारतातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तोही हॅम रेडिओवरूनच. त्या विद्यार्थ्यांच्या जागी आपली मुले का असू नयेत?

आपल्या पूर्वजांचा गौरव आपण समारंभांतून पुष्कळ करतो. इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा अभ्यास केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो मोठा झाला तो पूर्वजांचा गौरव करून नव्हे. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता त्याने अंधाऱ्या खोलीत, बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग करून पाहिले, म्हणून तो मोठा. त्याचे नाव घ्यायचे तर त्याची सवयही घ्यावी लागेल. आपली मुले परदेशी जातात, कष्ट करतात, घर सावरतात. त्याचा मला आदर आहे. पण मोबाइल वापरणारा आणि मोबाइल का बंद पडला हे जाणणारा, ह्या दोघांच्या पगारात आणि प्रतिष्ठेत फरक असतो, हे आखातात नोकरी केलेल्या कोणत्याही पालकाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

माझी संस्थेला एक विनंती आणि पालकांना एक विनंती आहे. संस्थेने पुढील वर्षी शाळेत हौशी रेडिओ मंडळ सुरू करावे, त्यात मुलींना बरोबरीचे स्थान द्यावे, आणि एखाद्या शिक्षकाने मुलांबरोबर परीक्षेला बसावे. पहिला अर्ज माझा राहील. पालकांनी मुलाच्या हातात सोल्डरिंगची कांडी दिसली तर "अभ्यास सोडून हे काय?" असे म्हणू नये. थोडे बोट भाजेल, थोडी वायर वाया जाईल. तालीम फुकट मिळत नाही.

आपल्या देशातील सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. "तार आली" म्हटले की पूर्वी घरात धडकी भरत असे. ह्या नव्या तारेने मात्र, कधी काळी वादळाची रात्र आलीच, तर कोणा दूर असलेल्या मुलाला त्याची आई सुखरूप असल्याची खबर मिळावी, आणि ती देणारा हात आपल्या शाळेतील एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा असावा, एवढीच माझी दुआ आहे. तो निरोप कोणत्या धर्माच्या घरी जातो हे आकाश विचारीत नाही; आपणही विचारू नये.